ध्रुवीय हिमचादरींवर हिमाचा बर्फ कसा होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘हिम’ म्हणजे आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम, आणि ‘बर्फ’ म्हणजे घट्ट, एकसंध बर्फ. दोन्हींच्या मधल्या अवस्थेला हिमशास्त्रज्ञ ‘फिर्न’ म्हणतात, तोच शब्द इथे वापरला आहे. प्रश्नांची सगळी भिस्त या मधल्या अवस्थेवरच आहे.

हिमाचा बर्फ व्हायला किती वर्षं लागतात?

ठिकाणावर अवलंबून आहे, आणि हा फरक थोडाथोडका नाही. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ लॉ डोम नावाचा बर्फाचा उंचवटा आहे. त्याच्या काही भागांत वर्षाकाठी मीटरभर जाडीचा बर्फ होईल इतकं हिम पडतं, आणि सुमारे 40 वर्षांत त्याचा बर्फ होऊन जातो. ग्रीनलंडच्या माथ्यावर, समिट केंद्रापाशी, दोनशे ते अडीचशे वर्षं लागतात. दक्षिण ध्रुवावर हजारेक वर्षं. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर व्होस्तोक किंवा डोम सी इथे अडीच-तीन हजार वर्षं, किंवा थोडी जास्तच. डोम सीवर आज जो थर बर्फाच्या अवस्थेला पोहोचतोय, ते हिम इसवी सनाच्या कितीतरी आधी पडलेलं आहे.

वरच्या थरांच्या वजनाने खालचं हिम दाबलं जातं, एवढंच ना?

शाळेच्या पुस्तकात हेच उत्तर असतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. नुसत्या वजनाने काम भागलं असतं, तर जिथे वजन सारखं तिथे घनताही सारखी मिळाली असती. प्रत्यक्षात तसं होत नाही. तापमान वेगळं असेल तर सारख्याच वजनाखाली घनता वेगळी निघते.

उरलेलं अर्धं उत्तर बर्फाच्या स्वभावात आहे. उणे 50 अंश सेल्सिअस आपल्याला कमालीचं थंड वाटतं, पण बर्फाच्या दृष्टीने ते तसं नाही. केल्व्हिनमध्ये मोजलं तर उणे 50 म्हणजे 223, आणि बर्फ वितळतो 273 ला. म्हणजे तो आपल्या वितळणबिंदूच्या 82 टक्क्यांवर आहे. लोखंड त्याच प्रमाणात तापवायचं तर 1200 अंशांच्या वर न्यावं लागेल, आणि तेवढं तापलेलं लोखंड घणाखाली कसं वागतं हे सर्वांना ठाऊक आहे. बर्फाचे रेणू त्या थंडीतही जागा बदलत असतात. कणाच्या टोकदार भागावरून निघून वाफेच्या रूपात किंवा पृष्ठभागावरून सरकत ते दोन कणांच्या सांध्यात जाऊन बसतात. त्यामुळे सांधा जाड होतो आणि कण एकमेकांना चिकटतात. धातूची किंवा सिरॅमिकची भुकटी न वितळवता तापवून घट्ट करतात, त्या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. हिमात घडतं ते हेच, फक्त भट्टी नाही आणि घाईही नाही.

ग्रीनलंडमधल्या अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरीत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. 1959-60 मध्ये तिथे फिरत्या पात्यांच्या यंत्रांनी हिमात लांबलचक खंदक खोदले, त्यांवर पत्र्याच्या कमानी टाकल्या आणि यंत्राने फेकलेलं हिम कमानींवर पसरलं. यंत्रातून निघालेला तो बारीक चुरा लवकरच स्वतःचा भार पेलण्याइतका कडक झाला. बांधकामवाल्यांना हवं होतं तेच सिंटरिंग इथे कामी आलं. पुढे मात्र त्याच बर्फाचा दुसरा गुण आडवा आला. भिंती हळूहळू आत सरकू लागल्या, छत खाली येऊ लागलं, आणि बोगद्यांची रुंदी टिकवण्यासाठी सतत हिम तासून बाहेर काढावं लागलं. 1967 मध्ये तळ सोडून दिला. कण चिकटणं आणि भाराखाली संथपणे वाहणं, या दोन गुणांवरच हिमाचा बर्फ होण्याची सगळी प्रक्रिया चालते.

हिम, फिर्न आणि बर्फ यांच्या सीमा कुठे आखायच्या?

घनतेवर. नुकतंच शांत हवेत पडलेलं कोरडं हिम घनमीटरला 50 ते 70 किलो भरतं. ध्रुवीय पठारांवर इतकं हलकं हिम फार काळ राहत नाही. वारा स्फटिकांची नाजूक टोकं मोडतो आणि तुकडे दाटीने रचतो, त्यामुळे पृष्ठभागावरच घनता 300 ते 400 किलो असते. साधारण 400 पासून 830 पर्यंतच्या टप्प्याला फिर्न म्हणतात, 830 च्या पुढे बर्फ. एकही छिद्र नसलेल्या शुद्ध बर्फाची घनता 917.

यातला 400 चा आकडा सोयीपुरता आहे, वेगवेगळे लेखक तो थोडा इकडे-तिकडे धरतात. 830 चा आकडा मात्र मनाला येईल तसा हलवता येत नाही. त्या घनतेच्या आसपास कणांमधल्या वाटा बंद होतात आणि हवा कायमची कोंडली जाते. फिर्न आणि बर्फ यांतला खरा फरक कडकपणाचा नसून हवेचा आहे: फिर्नमधून हवा आरपार जाऊ शकते, बर्फातून नाही.

घनता 550 झाल्यावर वेग एकदम का मंदावतो?

मापात धान्य भरून माप हलवलं की दाणे सरकून बसतात आणि वर जागा होते. काही वेळाने कितीही हलवलं तरी दाणे आणखी खाली जात नाहीत. हिमाचंही सुरुवातीला तेच होतं. कण एकमेकांवरून घसरतात, फिरतात, रिकाम्या जागा भरतात. गोल कणांची अव्यवस्थित रचना जास्तीत जास्त 60 टक्क्यांच्या आसपास जागा व्यापते, आणि 917 चे 60 टक्के म्हणजे 550. तिथपर्यंतचं काम सोपं, म्हणून वेगाने होतं.

त्यापुढे घनता वाढवायची तर कणांना स्वतःचा आकार बदलावा लागतो. भाराखाली प्रत्येक स्फटिक आतून विकृत होतो, सांधे रुंदावतात, कणही मोठे होत जातात. हे काम कितीतरी संथ आहे. घनता आणि खोलीचा आलेख काढला तर 550 पाशी त्याला स्पष्ट वाकण दिसतं. हेरॉन आणि लँगवे यांनी 1980 मध्ये मांडलेलं समीकरण या वाकणाच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळे नियम धरतं. सरासरी तापमान, वार्षिक हिमसंचय आणि पृष्ठभागाची घनता एवढ्या तीनच गोष्टी त्याला लागतात. त्यानंतर बरीच गुंतागुंतीची प्रारूपं आली, पण पहिला अंदाज घ्यायला अजूनही हेच समीकरण काढलं जातं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

वितळल्याशिवाय बर्फ कसा होईल? पाणी गोठूनच बर्फ होतो ना?

हिमचादरींच्या अंतर्भागात पाण्याचा थेंबही लागत नाही. वर सांगितलेली सगळी क्रिया घनरूपातच होते.

कडेच्या, उबदार भागांत मात्र उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं, गोठतं आणि कित्येक वर्षांचं काम एका ऋतूत उरकतं. समशीतोष्ण हिमनद्यांवर त्यामुळेच पाच-दहा वर्षांतही बर्फ होऊ शकतो. 1950 च्या दशकात कार्ल बेन्सन यांनी ग्रीनलंडवर शेकडो मैल फिरून, खड्डे खणून थर मोजले. कोरड्या हिमाचा पट्टा, पाणी झिरपणारा पट्टा, ओल्या हिमाचा पट्टा अशी त्यांनी केलेली विभागणी आजही वापरात आहे.

जास्त थंड ठिकाणी हिमाला जास्त खोल जावं लागतं का?

थंडीचा एक परिणाम आणि हिमसंचयाचा दुसरा, असे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. थंडीने विकृती मंदावते, म्हणून बर्फ व्हायला जास्त भार आणि जास्त वेळ लागतो. पण थंड पठारांवर हिमही फार कमी पडतं. व्होस्तोकला वर्षाकाठी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर पाण्याइतकं. त्यामुळे थर खाली जायला हजारो वर्षं घेतो आणि तेवढा वेळ त्याला मिळून जातो.

म्हणून काळात प्रचंड तफावत असली तरी खोलीत तितकी नसते. समिटला फिर्न आणि बर्फ यांची सीमा 75 ते 80 मीटरवर, व्होस्तोक आणि डोम सीवर 100 मीटरच्या आसपास, दक्षिण ध्रुवावर 120 च्या जवळ. दक्षिण ध्रुवाचा आकडा मोठा का, याचं उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे: तिथे सरासरी तापमान उणे 50 च्या आसपास, पण हिम व्होस्तोकच्या तिपटीहून जास्त पडतं. थंडी आहे, आणि पुरेसा वेळ मात्र नाही.

100 मीटरवर भार तरी किती असतो? पाच-सहा वातावरणांच्या दाबाइतका. एवढ्याशा दाबाने खडकाला काहीही होत नाही. बर्फाला होतं, कारण तो वितळणबिंदूच्या जवळ आहे आणि त्याच्याकडे शतकं आहेत.

हे पहिल्यांदा कोणी मोजलं?

पद्धतशीरपणे मोजलं ते एर्न्स्ट झोर्गे या जर्मन संशोधकाने. आल्फ्रेड वेगेनर यांच्या मोहिमेत ग्रीनलंडच्या मधोमध, सुमारे 3000 मीटर उंचीवर, आइस्मिटे नावाचं ठाणं होतं. 1930-31 चा हिवाळा तिथे योहानेस गेओर्गी, फ्रित्स ल्योवे आणि झोर्गे यांनी काढला. राहायला घर नव्हतं, फिर्नमध्ये खोदलेली गुहा होती. ल्योवे तिथे पोहोचले तेव्हाच त्यांचे पाय हिमदंशाने गेलेले होते, आणि त्यांची बोटं गेओर्गींनी खिशातल्या चाकूने कापली. ठाण्याहून परत निघालेले वेगेनर वाटेतच वारले.

अशा परिस्थितीत झोर्गेने गुहेतून खाली सुमारे 15 मीटर खोल विहीर खणली. कुदळीच्या एकेका घावाने उतरत त्याने थराथरातून ठोकळे कापले, वजन केलं आणि घनता लिहून ठेवली. बाहेर तापमान उणे 60 च्याही खाली जात होतं. आत, पृष्ठभागापासून दहाएक मीटर खाली, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ मिटून जातो आणि वर्षाची सरासरीच तेवढी उरते.

या मोजण्यांतून जो नियम निघाला त्याला पुढे झोर्गेचंच नाव दिलं गेलं. हिमसंचय आणि तापमान बदललं नाही, तर खोलीनुसार घनतेचा आलेखही बदलत नाही. नवं हिम येत राहतं, प्रत्येक थर खाली सरकतो, पण अमुक मीटरवर अमुक घनता हे गणित कायम राहतं. नियम साधा दिसतो, पण उपग्रहाचे आकडे वाचताना त्याचीच गरज पडते. ते खाली येईलच.

वार्षिक थर खरंच डोळ्यांना दिसतात का?

दिसतात, निदान जिथे हिम पुरेसं पडतं तिथे. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. शेजारी शेजारी दोन खड्डे खणायचे, मध्ये पातळ भिंत ठेवायची, एक खड्डा झाकायचा आणि त्यात उभं राहून भिंतीकडे पाहायचं. दुसऱ्या खड्ड्यातून येणारा उजेड भिंतीतून गाळून येतो आणि सगळा निळसर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. उजळ पट्टे भरड, विरळ हिमाचे. उन्हाळ्यात ऊन वरच्या थराला तापवतं, खालून वाफ वर चढते आणि मोठे, साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक तयार होतात. गडद पट्टे हिवाळ्यातल्या, वाऱ्याने दाबलेल्या बारीक हिमाचे.

डोम सीसारख्या ठिकाणी वर्षाचा थर इतका पातळ असतो की वारा तो पुरता उडवून नेऊ शकतो. तिथे डोळ्यांनी वर्षं मोजायचा नाद सोडलेलाच बरा.

बर्फातली हवा बर्फापेक्षा तरुण कशी असते?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, आणि हिमगाभ्यांचा, म्हणजे ड्रिलने खोलवरून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यांचा, अभ्यास करणाऱ्यांची सर्वांत जास्त मेहनतही इथेच खर्च होते.

हिम पडताना हवा त्यात अडकत नाही. फिर्नमधल्या वाटा वरपर्यंत उघड्या असतात. वरचे काही मीटर वाऱ्यामुळे थेट ढवळले जातात. त्याखाली हवा शांत असते, पण विसरणाने वायू वर-खाली जात राहतात. सीमेच्या जरा वर हे विसरणही जवळजवळ थांबतं, आणि मग एकेक छिद्र मिटत जातं. 830 घनतेला एकूण आकारमानाच्या दहाएक टक्के जागा उरलेली असते, तीच बुडबुडे होऊन कोंडली जाते. सगळी छिद्रं एकाच दिवशी बंद होत नाहीत, त्यामुळे एकाच थरातल्या बुडबुड्यांतही थोड्या वेगवेगळ्या वयांची हवा असते.

आता हिशेब पाहा. सीमेवरचा बर्फ समिटला दोनशेहून अधिक वर्षांचा, पण त्यात कोंडली जाणारी हवा काही वर्षं किंवा एखाद-दोन दशकांपूर्वीची. या दोन वयांतला फरक व्होस्तोकला हजारोंत जातो. हिमयुगात तिथे थंडी जास्त आणि हिम त्याहून कमी होतं, तेव्हा हा फरक 5000 वर्षांच्याही पुढे गेला होता. तापमानाची नोंद बर्फाच्या रेणूंत असते आणि कार्बन डायऑक्साइडची हवेत. आधी तापमान वाढलं की आधी वायू, हा वाद याच फरकाच्या अंदाजावर बरीच वर्षं रंगला.

अंदाज घ्यायला एक सुंदर मार्ग आहे. फिर्नमधल्या शांत हवेत गुरुत्वाकर्षणाने जड रेणू किंचित खाली बसतात. नायट्रोजनचं जड समस्थानिक, नायट्रोजन-15, तळाशी हजारात काही दशांश एवढं जास्त सापडतं. फिर्न जितकं जाड तितका हा फरक मोठा. म्हणून लाखो वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यातला नायट्रोजन मोजला की त्या काळी फिर्नचा थर किती जाड होता हे काढता येतं. तो थर स्वतः केव्हाच नाहीसा झालेला असतो.

त्यापुढे बुडबुड्यांचं काय होतं?

ते आकसत जातात. शेकडो मीटर खाली बर्फाची घनता 917 च्या अगदी जवळ येते, आणि ठिकाणानुसार 500 ते 1500 मीटरच्या पट्ट्यात बुडबुडे दिसेनासे होतात. हवा पळून जात नाही. दाबाखाली तिचे रेणू बर्फाच्या रेणूंनी बनलेल्या पिंजऱ्यांत शिरतात आणि क्लॅथ्रेट नावाचा घन पदार्थ तयार होतो. त्या खोलीचा बर्फ काचेसारखा स्वच्छ दिसतो.

ड्रिलिंग करणाऱ्यांना या पट्ट्याच्या जरा वरचाच भाग नकोसा असतो. तिथले बुडबुडे प्रचंड दाबाखाली असतात आणि गाभा वर आला की तो तडकतो, कधी कधी हातातच. म्हणून असे गाभे लगेच कापत नाहीत. महिनोन् महिने थंडीत ठेवून त्यांना सैल पडू देतात. डोम सीवर 800,000 वर्षांचा गाभा याच सगळ्या कसरतीतून निघाला.

हिमनदीचा बर्फ निळा का?

बर्फ लाल प्रकाश थोडा जास्त शोषतो. हिमात प्रकाश कणाकणावरून उडून लगेच बाहेर येतो, म्हणून पांढरं दिसतं. बुडबुडे कमी झालेल्या बर्फात तो लांबवर जातो आणि परत येईपर्यंत लाल भाग गळून गेलेला असतो.

फिर्नमध्ये पाणी शिरलं तर?

थोडं शिरलं तर फिर्न ते पिऊन टाकतं: पाणी छिद्रांत गोठतं आणि समुद्रापर्यंत पोहोचत नाही. जुलै 2012 मध्ये काही दिवस ग्रीनलंडचा जवळजवळ सगळाच पृष्ठभाग वितळला, अगदी समिटसुद्धा. तिथे असं याआधी 1889 मध्ये घडल्याची खूण गाभ्यांत आहे. माथ्यावरचं ते पाणी जागच्या जागी गोठलं आणि बर्फाचा पातळ पापुद्रा होऊन राहिला.

वारंवार शिरलं की गोष्ट बदलते. पश्चिम ग्रीनलंडच्या काही भागांत असे पापुद्रे जुळून कित्येक मीटर जाडीच्या लाद्या झाल्या आहेत. लादीखाली फिर्न मोकळंच आहे, पण पाण्याला तिथे जाता येत नाही, ते वरूनच वाहून जातं. आग्नेय ग्रीनलंडमध्ये याच्या उलट प्रकार सापडला. एप्रिल 2011 मध्ये, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, फिर्नमध्ये ड्रिल घातलं तर गाभ्यातून पाणी ठिबकायला लागलं. तिथे हिवाळ्यात इतकं हिम पडतं की ते पांघरुणासारखं वर बसतं आणि उन्हाळ्यात झिरपलेलं पाणी वर्षभर द्रवच राहतं. अंटार्क्टिकाच्या कडेने समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळ्यांवर फिर्नमधली जागा संपली की पाणी पृष्ठभागावर साठतं, भेगांत शिरतं आणि त्या खोलवर फाकवतं. 2002 मध्ये लार्सन बी ही हिमफळी काही आठवड्यांत कोसळली, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा मानला जातो.

उपग्रहाला पृष्ठभाग खाली गेलेला दिसला, म्हणजे बर्फ कमी झाला असं समजायचं का?

लगेच नाही. 100 मीटर फिर्नची सरासरी घनता 600 धरली, तर त्यातली 30 मीटरहून अधिक जाडी निव्वळ हवेची असते. तापमान वाढलं की फिर्न लवकर दाबलं जातं, हवा बाहेर पडते, पृष्ठभाग खचतो, आणि एक किलोही बर्फ कमी झालेला नसतो. उलटही होतं: दोन-चार वर्षं जास्त हिम पडलं तर पृष्ठभाग वर येतो, पण ती वाढ हलक्या हिमाची असते. झोर्गेचा नियम लागू असता तर हा प्रश्नच आला नसता. हवामान बदलत असल्याने तो आता तसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून क्रायोसॅट-2 किंवा आइससॅट-2 यांसारख्या उंची मोजणाऱ्या उपग्रहांच्या आकड्यांतून फिर्नच्या जाडीतला बदल प्रारूपाने वजा करावा लागतो. ग्रेस (2017 पर्यंत) आणि त्यानंतरचा ग्रेस-एफओ हे उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून थेट वस्तुमान मोजतात, त्यांना फिर्नची अडचण येत नाही. पण त्यांना बारीक तपशील दिसत नाही, आणि बर्फाखालचा खडक वर-खाली होतो त्याचा हिशेब त्यांना वेगळा करावा लागतो. दोन्ही पद्धती एकत्र लावल्यावरही ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही हिमचादरींचं वस्तुमान घटतंय, यात शंका उरलेली नाही. फिर्नमुळे फरक पडतो तो किती घटतंय या आकड्यात, आणि जिथे उंचीतला बदल वर्षाला काही सेंटिमीटरच असतो त्या पूर्व अंटार्क्टिकात सर्वांत जास्त.